‘बाहेर’ म्हणजे कुठे?

गेल्या वर्षीची गोष्ट. वसुबारसेची संध्याकाळ होती. शेजारच्या काकू सोऱ्या मागायला आल्या होत्या. आमच्या सासूबाई ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. कान जरा जड झाले आहेत, पण चौकशीची हौस तशीच आहे. काकू म्हणाल्या, “यंदा फराळाला मी एकटीच आहे हो. सून बाहेर आहे ना!”

सासूबाईंचा हात थांबला. “अगं बाई! ऐन दिवाळीत? कितवा दिवस?”

“दिवस कसले, दीड वर्ष झालं की! जर्मनीत आहेत दोघंही.”

मी स्वयंपाकघरात भाजणी मळीत होते. मला हसू आवरेना. काकूही हसत हसत सोऱ्या घेऊन गेल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. “आमच्या वेळी बाईमाणसाला एकच बाहेर होतं,” एवढेच म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

ह्या अंकाच्या संपादकांनी ‘मराठी कादंबरीविषयी काही लिहा’ असे कळवले, तेव्हा मी पुष्कळ दिवस नुसतीच बसून होते. मी कादंबऱ्या लिहिते हे खरे. पण कादंबरीवर लिहिणे हा विद्वानांचा प्रांत. माझे शिक्षण मॅट्रिक, आणि तेही लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केलेले. गावातल्या एका लहान शाळेत मी बालवर्ग शिकवते. समीक्षेची मोठाली मापे माझ्यापाशी नाहीत. पण सासूबाईंच्या त्या वाक्याने माझ्या हाती एक लहानसे माप दिले. ते घेऊन मी कपाटातली जुनी पुस्तके पुन्हा काढली. ‘बाहेर’ हा शब्द लिहिताना लेखक स्वतः उभा कुठे आहे, एवढेच पाहावयाचे मी ठरवले.

बालवर्गात हा शब्द शिकवणे अगदी सोपे असते. फरशीवर खडूने एक रिंगण काढावयाचे. त्यात चेंडू ठेवून विचारावयाचे, “चेंडू कुठे आहे?” पोरे ओरडतात, “आत!” चेंडू उचलून रेघेच्या पलीकडे ठेवला की पोरे ओरडतात, “बाहेर!” पाच मिनिटांत धडा संपतो. मोठ्या माणसांच्या जगात मात्र तो संपत नाही. तेथे रिंगण असते, पण खडू कुणाच्या हातात होता ते दिसत नाही.

घरात आपण हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारतो, ह्याची गणती वाचकांनी एकदा करून पाहावी. कर्ता माणूस बाहेरगावी जातो. गुपित बाहेर फुटते. खर्च आवाक्याबाहेर जातो आणि मुलगा हाताबाहेर. कुणी तुरुंगात गेला तर त्याचे नाव न घेता आपण म्हणतो, ‘आत आहे’. सुटला म्हणजे ‘बाहेर आला’. दुखणे डॉक्टरांच्या समजण्याबाहेरचे वाटू लागले की घरातली वडीलधारी मंडळी आवाज उतरवून म्हणतात, “बाहेरचं काही आहे का बघा”, आणि मग देवऋष्याकडे फेऱ्या सुरू होतात. पुरुष बाहेरख्याली असतो, आणि हा शब्द उच्चारताना कित्येकांच्या ओठांवर किंचित हसूही असते. त्याच प्रकरणातल्या बाईला मात्र ‘बाहेरची’ म्हणतात, आणि तेव्हा कुणी हसत नाही. दोष एकाचा आणि त्याचा पत्ता दुसरीच्या नावावर, अशी ही व्यवस्था आहे. “आम्ही तुमच्या शब्दाबाहेर नाही,” असे मुलीचा बाप व्याह्याला सांगतो, तेव्हा त्या बिचाऱ्या शब्दाला केवढे मोठे कुंपण घातलेले असते!

शब्दाचे कूळ पाहू गेले तर ते सरळ आहे. संस्कृत ‘बहिस्’, त्याचे प्राकृतात ‘बाहिर’, आणि आपले ‘बाहेर’. ‘माहेर’ हा शब्द कानाला त्याची सख्खी बहीण वाटतो. पण त्याचे कूळ वेगळे आहे. ‘मातृगृह’ झिजत झिजत ‘माहेर’ झाले. म्हणजे ‘माहेर’मधल्या ‘हेर’ ह्या अक्षरांत घर लपलेले आहे, आणि ‘बाहेर’मधल्या त्याच अक्षरांत घराचा मागमूस नाही. बायकांच्या जन्मात मात्र ही दोन्ही यमके शेजारी शेजारीच नांदली.

मी सहा-सात वर्षांची असेन. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. आई सकाळपासून पडवीच्या कोपऱ्यात तरटावर बसून होती. तिचे ताट वेगळे, पेला वेगळा. पंधरा दिवस खपून फराळाचे सारे तिनेच केले होते. पण त्या दिवशी पूजेची तयारी आत्या करीत होती आणि आई लांबून तिला, कुठल्या डब्यात काय आहे, ते सांगत होती. “आई बाहेर का बसली?” असे मी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “तिला कावळा शिवला.” मी अंगणात खड्यांचा ढीग घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत एकही कावळा घराकडे येऊ दिला नाही. दिवे लागल्यावर एक करंजी घेऊन आईकडे धावले. ती घाईघाईने म्हणाली, “ठेव तिथंच. लांबूनच ठेव.” मी करंजी जमिनीवर ठेवली आणि मागे सरकले. मग तिने ती उचलली. पडवी काही घराच्या बाहेर नव्हती. तिच्यावर आमचेच छप्पर होते. आई घरातच होती, आणि तरी बाहेर होती.

पुढे माझ्या वाट्याला हे दोनच वर्षे आले. शाळेत नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी आपणहून ते बंद केले. म्हणाल्या, “तिथं दिवसभर पोरांना शिवतेस, मग घरी येऊन कोपरा कशाला धरायचा?” मी रोज बाहेर जाऊ लागले, म्हणून माझे बाहेर बसणे संपले. एका ‘बाहेर’ने दुसऱ्याला हटवले, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पुस्तकांकडे वळू. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. यमूचे हे सारे आत्मवृत्त एका पुरुषाने लिहिले. बायकांच्या माजघराला तो बाहेरचा माणूस. असे असून कादंबरी वाचताना आपल्याला एकदाही वाटत नाही की, कुणी उंबऱ्याबाहेर उभे राहून आत डोकावते आहे. कारण हरिभाऊंनी आपली जागा सोडली आणि यमूच्या जागेवर जाऊन बसले. यमूला जे दिसत नाही ते कादंबरीतही दिसत नाही. थोरल्यांची बोलणी तिच्या कानावर जशी अर्धी-मुर्धी पडतात, तशीच आपल्याही पडतात. नवऱ्याबरोबर ती मुंबईस जाते, तेव्हा तिच्याबरोबर आपल्यालाही मोकळे वारे लागते. आणि वैधव्यानंतर तिचे केशवपन होते, तेव्हा ते दार पुन्हा लागल्याचा आवाज आपल्यालाही आतल्या बाजूने ऐकू येतो. बाहेरच्या माणसाने आतले लिहू नये, असा नेम असता तर ही कादंबरी मराठीत झालीच नसती.

दुसरी वाट व्यंकटेश माडगूळकरांनी दाखवली. ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तकरूपाने आली. तीत एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. मी स्वतः शाळेत असल्यामुळे ह्या मास्तरावर माझा विशेष लोभ आहे. माडगूळकर त्याला वाडीतला करून टाकीत नाहीत. तो बाहेरून आलेला आहे, हे तोही विसरत नाही आणि वाडीही विसरत नाही. त्याला जे कळते ते कळते; जे कळत नाही त्याच्याकडे तो नुसता पाहत राहतो. आणि शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, आणि वाडीच घरे सोडून जगायला बाहेर पडते. मास्तर आत आलेला आणि गाव बाहेर गेलेले, असा तो उलटा फेरा आहे. हरिभाऊंनी जागा बदलली. माडगूळकरांनी आपली जागा प्रांजळपणे सांगितली. दोन्ही रीती खऱ्या.

मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे विभावरी शिरूरकरांनी, ‘बळी’ ह्या कादंबरीत ह्या शब्दाची आणखी एक भयंकर तऱ्हा दाखवली. ‘बळी’ 1950 ची. ब्रिटिश सरकारने 1871 साली कायदा करून काही जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांतल्या पुष्कळांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत कोंडले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. अशा एका वसाहतीची ती कथा आहे. तारेच्या आतली ही माणसे समाजाच्या बाहेरची. त्यांना बाहेर टाकण्यासाठीच आत ठेवले होते! बालवर्गातल्या माझ्या चेंडूचे असे करता येत नाही. माणसाचे करता येते.

आणि मग गाव येते. आपल्या गावाला कूस असे, कुसाला वेस असे. त्या वेशीवर राखण करणारा वेसकर हा महार समाजातला. ज्याच्या भरवशावर गाव रात्री निजे, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. पंढरीला महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. ज्या संताला देवळात पाऊल टाकता आले नाही, त्याला समाधीही दाराबाहेरच मिळाली, आणि आज लाखो वारकरी आत जाण्याआधी तेथे डोके टेकतात. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी.

ह्या ‘बाहेर’चे वर्णन मराठी कादंबरीने पूर्वीही केले, पण ते बहुधा वेशीच्या आतून. ‘गावाबाहेर महारवाडा होता’ असे एक वाक्य लिहून लेखक पुन्हा पाटलाच्या वाड्यात परतत असे. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त, 1959 साली, मांगवाड्यातला माणूसच कादंबरीचा नायक झाला आणि त्याच्याबरोबर वाचकालाही वेस ओलांडावी लागली. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 चा. त्या कथेतल्या नायकाला परक्या गावी डोक्यावर छप्पर मिळण्यासाठी आपली जात लपवावी लागते. म्हणजे देह आत न्यायचा तर नाव बाहेर ठेवावे लागते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, 1978 साली, ही रेघ एकाच माणसाच्या मधून गेली. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. एक आत येऊन पोचलेला, दुसरा अजून बाहेर उभा. आणि लक्ष्मण माने ह्यांनी 1980 साली आपल्या आत्मकथेला नावच दिले ‘उपरा’. गावोगाव पालं टाकणारे, टोपल्या विणणारे कैकाडी लोक. ज्यांना गावच नाही, त्यांना गावाबाहेर तरी कुठून असणार? तेव्हा आतल्यांनी हिणवून दिलेले नाव त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिले आणि आतल्यांनाच ते वाचायला लावले.

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी लिहिले. आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते. ते पुस्तक माझे आहे.

माझी दुसरी कादंबरी एका वस्तीवरच्या मुलीची आहे. ती स्वतःच आपली कथा सांगते. मी त्यासाठी दोन वर्षे खपले होते. वस्तीतल्या बायकांशी बोलले होते, बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवले होते. ज्यांनी परीक्षणे लिहिली त्यांनी बोलीचे कौतुक केले, आणि मला ते गोड लागले. माझ्याच हाताखालून गेलेली एक मुलगी तेव्हा नववीत होती. तशाच एका वस्तीवर राहते. तिच्या वस्तीला पूर्वी जातीच्या नावाने ओळखत. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने 2020 मध्ये घेतला, त्यानंतर तेथे नवी पाटी लागली. ओढा मात्र होता तेथेच आहे. तिने शाळेच्या ग्रंथालयातून माझे पुस्तक नेले. परत द्यायला आली तेव्हा घुटमळत उभी राहिली.

“आवडलं का गं?”

“आवडलं की बाई. पण एक विचारू?”

“विचार.”

“ती मुलगी वस्तीवरच राहते ना? मग ती पहिल्याच पानावर, ‘गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे आमची वस्ती होती’ असं का म्हणते? तिच्यासाठी वस्ती अलीकडेच हाय. ओढ्याच्या पलीकडं गाव हाय.”

मी पुस्तक उघडून पाहिले. वाक्य तसेच होते. मला काही उत्तर सुचले नाही. तिलाच वाईट वाटले असावे. “बाकी सगळं खरं वाटतं बाई,” असे म्हणून ती गेली.

तोंडात शब्द मी तिचे घातले होते, पण डोळे माझेच ठेवले होते. बोली वहीत टिपता येते. उभे राहण्याची जागा टिपता येत नाही, ती बदलावी लागते. हरिभाऊंनी ती बदलली होती. माडगूळकरांनी बदलली नाही, पण तसे कबूल केले होते. मी दोन्ही केले नाही. ओढ्याच्या अलीकडे माझ्या घरच्या खिडकीत बसून मी पलीकडे पाहत राहिले आणि तो आवाज त्या मुलीचा आहे असे वाचकांना सांगितले. माझ्या कादंबरीतला हा दोष पहिल्या पानावरचा आहे, म्हणजे तो पायातला आहे. परीक्षण लिहिणाऱ्यांच्या तो ध्यानात आला नाही. तेही बहुधा माझ्याच काठावर राहत असतील.

सर्वांत टोचते ते असे की, हे माझ्या हातून व्हावे! जिने आईला आपल्याच घरात बाहेर बसलेली पाहिले, जी स्वतः त्या तरटावर बसली, तिला तरी हा शब्द लिहिताना हात अडखळायला हवा होता. पण एका रेघेच्या बाहेर बसवल्याने माणसाला दुसरी रेघ आपोआप दिसू लागते, असे नाही. माझी आई पडवीतून आत्याला डबे सांगत होती, तेव्हा वस्तीवरून फराळ मागायला येणाऱ्या बायका अंगणाच्या कडेला उभ्या असत. त्या आईपेक्षाही बाहेर होत्या. मी कावळे हाकलण्यात गर्क होते. त्या मला तेव्हा दिसल्या होत्या की नाही, हे आज आठवून सांगता येत नाही.

म्हणून कुणीही नवे पुस्तक हाती घेताना मी आता हा शब्द शोधते. तो कथेत कुठे येतो, कुणाच्या तोंडी येतो, आणि तो उच्चारणाराचे पाय कोठे आहेत, एवढे पाहिले की पुढचे पुष्कळ कळते. भाषा किती सुंदर आहे, हे मागून पाहता येते. वाचकांनीही हे माप आपल्या आवडत्या कादंबरीला लावून पाहावे. दिवाळीच्या सुटीत दुपारी फराळाचे ताट शेजारी असताना हा उद्योग चांगला होतो, आणि त्याला मॅट्रिकच्या पुढचे शिक्षण लागत नाही.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. शाळेच्या ग्रंथालयातली प्रत मात्र माझ्या हातातली होती. ते वाक्य मी पेन्सिलीने खोडले आणि वर ‘ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती आणि पलीकडे गाव’ असे लिहिले. पण पुढची ओळ वाचली, तर तीही माझ्याच खिडकीतून लिहिलेली. तिच्या पुढची तशीच. मग पेन्सिल खाली ठेवली.

ह्या दिवाळीपासून मी ती कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतली आहे. ती मुलगी आता अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात जाते. पहिली दहा पाने तिला वाचायला दिली आहेत. भाऊबीजेनंतर येते म्हणाली आहे.